काळ्या तेलाचे २,८३२ रुपये

पुण्याच्या लॅबचं पहिलं बिल आलं तेव्हा आबा ओसरीवर बसले होते, त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. २,४०० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण २,८३२ रुपये. "तेल काळं झालंय हे मला इथनं दिसतंय, ते सांगायला एवढे पैसे कशाला?" असं त्यांनी विचारलं आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडं धड उत्तर नव्हतं. आता ते बिल येऊन वर्ष झालं, मधी एक पूर्ण हंगाम झाला, पाच रिपोर्ट फाईलला लागलेत. आमच्या भागात हार्वेस्टर वाढलेत आणि चार-पाच जणांनी फोन करून विचारलं की हे ऑइल टेस्टिंग, म्हणजे इंजिनाचं वापरलेलं तेल लॅबमध्ये तपासून घेणं, काय प्रकरण आहे, पैसे घालावेत का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मागचं सांगतो. आमचं ऊसतोडणीचं मशीन आहे, कराडच्या खाली कृष्णाकाठचा भाग. मशीन कोटीच्या वरचं, त्यातलं निम्म्याहून जास्त अजून बँकेचं. गेल्या वर्षी जानेवारीत, ऐन हंगामात, इंजिन तेल खायला लागलं. आधी दोन दिवसाला लिटर, मग दिवसाला लिटर. ऑपरेटर म्हणला थंडी आहे म्हणून धूर जास्त दिसतोय, मी पण तेच मानलं, कारण कारखान्याचा तोडणीचा प्रोग्रॅम डोक्यावर होता आणि मशीन थांबवायची कुणाचीच तयारी नव्हती. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या, पाइपातनं धाप लागल्यासारखे भपके यायला लागले तेव्हा कुठं मशीन फडातनं बाहेर काढलं. मिस्त्रीनं एअर क्लीनरपासून टर्बोकडं जाणारा रबरी होज उतरवला, आतनं बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढं धरलं. मऊ, पिठासारखी माती. होजच्या खालच्या अंगाला, जिथं तो ब्रॅकेटला घासत होता तिथं, नखाएवढी चीर होती, वरनं कितीही बघितलं असतं तरी दिसली नसती. मग हेड उतरलं. लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीवर, होनिंगच्या ज्या तिरक्या बारीक रेघा असतात त्या पार पुसून गेलेल्या, आणि वरच्या कडेला नख फिरवलं की पायरी लागत होती. मिस्त्री एवढंच म्हणला, "दादा, हे काय एका रात्रीत झालेलं नाय. महिना-सव्वा महिना माती खाल्लीय ह्यानं."

इंजिनला ३ लाख ८० हजार गेले. १९ दिवस मशीन उभं. तुटलेला ऊस मशीनजवळनं फडाबाहेर नेणारे दोन इनफिल्डर ट्रॅक्टर उभे, ड्रायव्हर बसून, आणि ज्यांचा ऊस आमच्याकडनं तुटायचा होता त्या शेतकऱ्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची, एकाच्या उसाला तर तुरा आला होता, रोज वजन घटत होतं आणि तो बिचारा रोज सकाळी येऊन मशीनजवळ उभा राहून जायचा, बोलायचा काही नाही. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं. आणि मिस्त्रीचं ते वाक्य डोक्यातनं जाईना. महिनाभर माती आत जात होती म्हणजे महिनाभर ती तेलात उतरत होती, आणि त्या महिन्यात मी दोनदा तेल बदललं होतं. दोन्ही वेळा ते जुनं तेल कॅनमध्ये भरून शेडच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. जे कळायला पाहिजे होतं ते त्या कॅनमध्ये होतं.

तिथनं हा शोध सुरू झाला. ही कल्पना काही नवी नाही. १९४६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेच्या प्रयोगशाळेनं डिझेल इंजिनाचं वापरलेलं तेल स्पेक्ट्रोग्राफवर तपासून इंजिन न उघडता आतली झीज ओळखली, पुढं तिथल्या नेव्हीनं विमानांच्या इंजिनांसाठी तेच उचललं, आणि आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये पण इंजिनाच्या तेलाचे नमुने असेच नेमानं लॅबला जातात. रेल्वेचं सोपं आहे म्हणा, लॅब शेडमध्येच आणि एकेका इंजिनात शेकडो लिटर तेल. आपण सतरा लिटरवाली माणसं, आपल्याला हिशोब करावा लागतो.

लॅबमध्ये करतात काय, तर तेलाचा थेंब प्रचंड तापवून त्यातनं निघणाऱ्या प्रकाशावरनं कुठला धातू किती आहे ते मोजतात, पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागात किती. लोखंड आलं की लायनर, क्रँक, कॅम, गिअर यांच्यावर नजर. क्रोमियम म्हणजे बहुतेक रिंगा. शिसं, कथील आणि तांबं एकत्र वाढले की बेअरिंग. ॲल्युमिनियम म्हणजे पिस्टन, पण मातीत पण ॲल्युमिनियम असतं हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. सोडियम, पोटॅशियम चढले की कूलंट तेलात उतरतंय. आणि सिलिकॉन म्हणजे माती, धूळ. त्याशिवाय तेल पातळ झालंय का घट्ट तेही बघतात, आपल्या १५ डब्ल्यू ४० तेलाचं घट्टपण शंभर डिग्रीला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (घट्टपण मोजायचं माप) मधी पाहिजे, खाली गेलं तर बहुतेक डिझेल मिसळतंय, वर गेलं तर काजळी किंवा जास्त तापून तेल जळलंय. टीबीएन म्हणून एक आकडा असतो तो तेलात आम्ल मारायची ताकद किती शिल्लक आहे ते सांगतो. एवढं सगळं दीडशे मिलीच्या बाटलीतनं.

आता ह्याची दुसरी बाजू, जी मला आधी कुणीच सांगितली नव्हती. ही तपासणी फक्त अगदी बारीक कण बघते. साधारण आठ-दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा तुकडा तिला नीट दिसत नाही, आणि बेअरिंग फुटायला लागलं, गिअरचा टवका उडाला, तर पडतात ते मोठेच तुकडे. म्हणजे हळूहळू होणारी झीज कळते, अचानक होणारी मोडतोड कळेलच असं नाही. त्यासाठी जुना फिल्टर कापून, कागद पसरून, उन्हात धरून बघायचा आणि ड्रेन बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघायचं, हे फुकट आहे आणि मी ते आता प्रत्येक वेळी करतो. दुसरं म्हणजे वेळ. आज नमुना पाठवला तर रिपोर्ट यायला चार-पाच दिवस जातात, आणि हंगामात आमचं मशीन दोन पाळ्यात दिवसाला सोळा तास चालतं, म्हणजे रिपोर्ट हातात येईपर्यंत अजून सत्तर-ऐंशी तास झालेले असतात. एवढ्यात जे बिघडायचं ते बिघडतं.

पहिला रिपोर्ट आला आणि मी रात्रभर झोपलो नाही. इंजिन नवीन बांधून साठ तास झाले होते. लोखंड ७४, सिलिकॉन ५२. म्हणलं पुन्हा माती! पहाटे उठून बॅटरी घेऊन सगळे होज चाचपले, क्लॅम्प आवळले, काही सापडेना. सकाळी लॅबला फोन लावला, तिथल्या बाईंनी फार शांतपणे समजावलं. म्हणाल्या, दादा ॲल्युमिनियम बघा, फक्त ७ आहे, माती असती तर सिलिकॉनबरोबर तेही बऱ्यापैकी चढलं असतं. इंजिन नुकतंच उघडलंय ना, मग हे सिलिकॉन गॅस्केटला लावलेल्या सीलंटचं आहे, आणि लोखंड नवीन लायनर-रिंगा एकमेकांना घासून बसतायत त्याचं. तेल बदला आणि पुढचा नमुना पाठवा. आणि त्यांनीच सांगितलं की न वापरलेल्या नवीन तेलाचा पण एक नमुना द्या, कारण तेलात मुळातच फेस मोडायला थोडं सिलिकॉन घातलेलं असतं, कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस तर कंपनी मुद्दाम घालते, त्यामुळं सुरुवात कुठनं आहे हे माहीत नसलं तर वाढ किती झाली हे कसं सांगणार. दिला. नवीन तेलात सिलिकॉन ६ होतं. त्या दिवशी मला कळलं की एकट्या रिपोर्टला जवळजवळ काही किंमत नाही. एकदाच पैसे घालून बघू म्हणणाऱ्यांनी ते घालूच नयेत.

मग हा हंगाम. नोव्हेंबरच्या शेवटाला २४० तासांच्या तेलाचा नमुना: लोखंड ३६, सिलिकॉन १७, ॲल्युमिनियम ५. सगळं हिरवं. जानेवारीच्या सुरुवातीला पुढचा, तेवढ्याच तासांचा: लोखंड ५८, सिलिकॉन ३९, ॲल्युमिनियम १५, क्रोमियम २ वरनं ५. लॅबनं पिवळा शेरा मारला होता, "हवेच्या मार्गाची तपासणी करावी". लाल पण नाही, पिवळा. मशीन एकदम ठणठणीत चालत होतं, तेल कमी होत नव्हतं, धूर नव्हता. रिपोर्ट नसता तर मी त्या दिवशी बॉनेट उघडलं नसतं, हे मी शपथेवर सांगतो.

रात्री दोन पाळ्यांच्या मधी मशीन फडाच्या कडेला घेतलं. पाचटाचा धुरळा बसायला वेळ लागतो, तोवर थांबलो, मग ऑपरेटर आणि मी एअर क्लीनर उघडला. बाहेरचा फिल्टर काढून आत मोबाइलची बॅटरी लावली आणि अंधारात सगळीकडनं फिरवून बघितला, कुठं भोक असलं तर उजेडाचा टिपका दिसतो, नव्हता. होज नवीनच. क्लॅम्प घट्ट. दीड तास गेला. मग आतला छोटा फिल्टर, सेफ्टीचा, तो काढला आणि त्याच्या रबरी कडेवर एका बाजूला विटकरी रंगाची रेघ दिसली. बाकी कड काळी, स्वच्छ, फक्त तेवढ्या चार बोटं जागेत रेघ. तो तिरका बसला होता. आमच्या हेल्परनं चांगल्या मनानं तो पण काढून कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ केला होता आणि परत बसवताना एका बाजूनं चढला नव्हता. आतला फिल्टर साफ करायचा नसतोच, तो सरळ बदलायचा असतो, हे मीच त्याला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला बोललो नाही. बाराशे रुपयांचा नवीन आणला, तेल लगेच बदललं. पुढच्या नमुन्यात सिलिकॉन १५, लोखंड ३३.

ह्यामुळं माझे पावणेचार लाख वाचले असं मी म्हणणार नाही. कदाचित पुढच्या सर्व्हिसला तो फिल्टर असाच नीट बसला असता आणि काहीच झालं नसतं. पण त्या विटकरी रेघेतनं जी माती आत जात होती ती मला जानेवारीतच दिसली, गेल्या वर्षी ती लायनर उतरल्यावर दिसली होती. माझ्यासाठी २,८३२ रुपये त्याचे आहेत. उसात चालणाऱ्या मशीनला ही खरं तर तेलाची तपासणी नाहीच, हवेच्या फिल्टरची तपासणी आहे, फक्त ती तेलातनं करावी लागते.

बऱ्याच जणांना ह्यातनं वेगळाच फायदा पाहिजे असतो, तो म्हणजे तेल जास्त तास चालवायचं. लॅबवाले पण कधीकधी तसं सांगतात. मी हिशोब मांडून बघितला. आमच्या मशीनला एका वेळचं तेल आणि फिल्टर मिळून साडेसात हजार. २५० तासांनी बदली, ११० दिवसांच्या हंगामात साधारण सात वेळा. समजा ४०० तास चालवलं तर चार वेळा, म्हणजे तीन बदल्यांचे साडेबावीस हजार वाचले. पण तसं डोळे झाकून चालवता येत नाही, प्रत्येक तेल मधी एकदा आणि शेवटी एकदा तपासावं लागणार, आठ टेस्टचे झाले साडेबावीस हजारच. पदरात काही नाही, वर वॉरंटीत असाल तर मॅन्युअलच्या बाहेर गेलात म्हणून कंपनी हात वर करणार. ज्यांच्याकडं पन्नास गाड्या आहेत त्यांचं गणित वेगळं, आणि मोठ्या गिऱ्हाइकांना तेल कंपन्या स्वतःच तपासणी करून देतात. एक-दोन मशीनवाल्यानं तेल वाचवायला ही टेस्ट करू नये. आम्ही आता दर दुसऱ्या बदलीला नमुना पाठवतो, हंगामाला चार, नव्या तेलाचा एक धरून पाच, म्हणजे १४ हजारांच्या आसपास. आमच्या टनेजप्रमाणं मशीन एक दिवस उभं राहिलं तर डिझेल वजा जाता ह्याच्या दुप्पट तरी बुडतात.

आणि कारला? नको. माझ्या कारमध्ये साडेतीन लिटर तेल मावतं, वर्षाला एकदा बदलतो, टेस्टच्या पैशात जवळजवळ तेलच येतं. तेच आणा. घरच्या ट्रॅक्टरला पण मी करत नाही, त्याचे तास कमी आणि काही झालं तरी चार दिवस थांबता येतं. जुनी गाडी किंवा जुना जेसीबी घेताना करावी का असं मेव्हण्यानं विचारलं होतं, तर विकणारा बहुतेक वेळा आधी तेल बदलूनच मशीन दाखवतो, आणि नवीन तेलात वीस तासांची माहिती काय कळणार. त्यापेक्षा मालकाला म्हणायचं, तेल बदलू नका, आहे तसं दाखवा. तयार झाला तर नमुना घ्या, कूलंट मिसळतंय का एवढं जरी कळलं तरी लाखाचा व्यवहार आहे, पैसे वसूल आहेत.

कूलंट किंवा पाण्याचा संशय असेल तर मात्र आधी घरीच बघा. जुना तवा चांगला तापवायचा, स्वयंपाकातला नाही, आणि त्यावर तेलाचा थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतं, नसेल तर नुसता धूर निघतो. मेव्हण्याच्या टिपरचं हेड गॅस्केट असंच सापडलं, लॅब नाही की काही नाही. टीपकागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवायची पण जुनी पद्धत आहे, मधला काळा डाग तिथंच घट्ट बसून राहिला आणि कडा तीक्ष्ण दिसल्या तर तेलाची काजळी धरून ठेवायची ताकद संपली. मिस्त्रीचे वडील हे करायचे म्हणे. ह्यातनं माती कळत नाही, तेवढ्यासाठी लॅबच.

नमुना घेण्यात लोक चुकतात म्हणून ते सांगतो. मशीन चालवून इंजिन गरम असताना घ्यायचा, रात्रभर थंड पडलेल्या इंजिनातनं घेतला तर जड माल तळाला बसलेला असतो. ड्रेन बोल्ट उघडल्यावर पहिली धार सोडून द्यायची, बोल्टभोवतीची माती त्याच्यात येते, शेवटची पण नको, मधली धरायची. बाटली लॅबकडचीच, पाण्याची बाटली धुऊन वाळवून वापरली तर तुमच्याच बाटलीतलं पाणी रिपोर्टमध्ये येईल. आणि चिठ्ठीवर इंजिनाचे तास, तेलाचे तास, कुठलं तेल, मधी किती लिटर वरून घातलं, सगळं लिहायचं. वरून पाच लिटर घातलं असेल आणि लिहिलं नाही तर आकडे खोटे कमी दिसतात. लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेलीच बघा, आणि दरवेळी तीच ठेवा, लॅब बदलली की आकड्यांची साखळी तुटते. राहिला प्रश्न पाठवायचा, तर कुरिअरवाल्यानं माझी बाटली दोनदा परत केली, तेल चालत नाही म्हणला. आता कराड स्टँडवरनं एसटीच्या पार्सलनं पाठवतो, आधी पार्सल ऑफिसात विचारून, दोन पिशव्यात गुंडाळून आणि भुसा भरलेल्या डब्यात, आणि स्वारगेटला लॅबचा माणूस उतरवून घेतो.

एक गोष्ट मला उशिरा सुचली. एवढं इंजिनाच्या सतरा लिटरचं करत बसलो आणि त्याच मशीनमध्ये हायड्रॉलिकचं दोनशे लिटरच्या वर तेल आहे, त्यावर सगळे पंप, मोटरी, कटर चालतात, आणि ते बदलायचं म्हणलं तर एका झटक्यात चाळीस हजार. तिथं तेल खरंच चांगलं असेल तर ते ठेवण्यात पैसा आहे, आणि घाण असेल तर पंप जायच्या आधी कळण्यात त्याहून जास्त. तिथं नुसते धातू बघून भागत नाही, कण किती आणि केवढे आहेत ते मोजायला सांगावं लागतं, त्याचे पैसे थोडे जास्त. हे कुणी मला पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर मी तिथनंच सुरुवात केली असती.

हंगाम संपायच्या शेवटच्या दिवशी, मशीन गरम असतानाच, हायड्रॉलिकच्या तेलाचा नमुना काढला. आबांनीच बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, २,१४० तास, आणि अक्षर नीट वाचता येतंय का ते मला दोनदा दाखवलं. काल संध्याकाळच्या पुण्याच्या गाडीनं गेलीय. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत येईल, तोवर मिस्त्रीला हायड्रॉलिकचे फिल्टर आणू नको म्हणून सांगितलंय.